घाबरू नको, असं मीच म्हणलो होतो

साहेब म्हणला, "चढ रे फादर क्रेटवर."

मी चढलो.

निळा प्लास्टिकचा क्रेट. सीटच्या तारा यायच्या त्यात. उलटा घातला की माझा स्टेज तयार. चेन्नईजवळच्या ओरगडमची कंपनी, मोटारीच्या सीटांचा फोम ओतायचा कारखाना, सकाळची शिफ्ट. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. काल माल किती निघाला, आज किती पाहिजे, ते ऐकायचं. मंग हात पुढं करून सुरक्षेची शपथ म्हणायची. सगळ्याच कंपन्यांत असतं ते. आमच्यात शपथेनंतर एक जादा कार्यक्रम होता. मी.

त्या दिवशी पुण्याच्या ऑफिसातून एक पाहुणा आला होता. साहेब त्याला माझ्याकडं बोट करून म्हणला, "हा आमचा फादर. बाटलेला आहे, पण आयटम आहे." पाहुणा हसला. साहेब म्हणला, "फादर, पाण्याची दारू करून दाखव पाहुण्यांना."

समोर साठ माणसं. मराठी कळणारी आम्ही तिघंच. पण बाकीच्यांना कळलं, आता मजा आहे.

मी काय केलं? माझ्या जागी कुणी बी शहाणा माणूस खाली उतरला असता. मी बाटलीतलं पाणी टोपीत ओतलं. वर बघितलं. टोपीवर हात धरला, डोळे मिटले, ओठ हलवले. मंग ते प्यालो आन क्रेटवर असा झोकांड्या खायला लागलो की मागचे लोक टाचा उंच करून बघायला लागले. पाहुण्यानं टाळी दिली साहेबाला. सगळ्यात जास्त कोण हसलं? मीच.

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. हे आधी सांगून ठेवतो. पुढं जे सांगणार आहे त्यात साहेब वाईट आहे, पण मी बी काही चांगला निघत नाही.

मी राहुरीकडचा. शाळेत दोन वर्षं गेलो, दोन्ही वर्षं पहिलीत. आज्याच्या आज्यानं गावकुसाबाहेर राहून देवबापाचं नाव घेतलं, तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. गावानं त्यानंतर आमची जात विचारायची सोडली नाही, फक्त विचारायची पद्धत बदलली. पोटासाठी भोसरीला आलो, फोमच्या कारखान्यात लागलो. तिथं पंधरा वर्षं काढली. मंग कंपनीनं चेन्नईकडं नवा कारखाना काढला आन जुने साचे ट्रेलरवर चढवून इकडं पाठवले. साच्यांबरोबर मला बी पाठवलं, कारण ते साचे कुठं अडकतात, कुठं ठोकले की सुटतात, ते मला माहीत. साच्यांची पावती होती. माझी नव्हती.

साहेब बी पुण्याचाच. इंजिनियर. वय अठ्ठावीस. मी चव्वेचाळीसचा. तो मला अरे-तुरे करायचा, मी त्याला अहो-जाहो. त्याचं काही वाटायचं नाही. उलट परक्या मुलखात साहेबाशी आपल्या भाषेत बोलता येतं म्हणून मी छाती काढून फिरायचो. एकदा त्यानं शोळिंगनल्लूरला घर बदललं, तेव्हा कपाट चढवायला मला नेलं. जेवताना त्याच्या बायकोनं विचारलं, "ख्रिश्चन म्हणजे तुम्ही मूळचे कोण?" साहेबानं ताटातून डोकं वर काढलं नाही. मी म्हणलो, "वहिनी, मूळचा तर माणूसच होतो, पण लई दिवस झाले." ती हसली. साहेब हसला. मी बी हसलो, खाली पेपरवर बसून. मला खुर्ची का दिली नाही, हा विनोद कुणीच केला नाही.

शालन, माझी बायको. ती म्हणायची, "तुम्हाला कुणी थोबाडीत मारली तर तुम्ही दुसरा गाल नाही, चुटका पुढं करता."

श्रीपेरुंबुदूरच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आमची भक्ती, म्हणजे रविवारची प्रार्थना, भरायची. सगळे तमिळ. पाळक, म्हणजे आमचा धर्मगुरू, म्हातारा, आधी मिलिटरीत होता म्हणून त्याला हिंदी येई. मला तमिळ येत नसे. पहिला तमिळ शब्द मी तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावरून शिकलो, म्हणजे पाळकानं वाचून दाखवला. बयप्पडादे. घाबरू नको. हा शब्द तिकडं सगळीकडं असतो, रिक्षांच्या मागच्या काचेवर बी. मला तो लई आवडला. एका शब्दात माणसाच्या खांद्यावर हात ठेवता येतो. मी तो सगळ्यांना म्हणत सुटलो. बसच्या ड्रायव्हरला, कँटीनच्या बाईला, गेटवरच्या वॉचमनला. एकदा लग्नात नवरदेवाच्या कानात म्हणलो, तर तो खरंच घाबरलेला निघाला, माझा हात सोडेना.

भक्तीत साक्ष द्यायची वेळ येते. देवानं आठवड्यात काय केलं ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं. मी उठायचो, मोडक्या तमिळमध्ये काही तरी बोलायचो, लोक हसायचे. एका रविवारी पाळक म्हणला, "तुला देवाचं दान आहे. धीर द्यायचं दान. रोज तीन माणसांना धीर देत जा."

मला जन्मात कुणी काही दान आहे असं म्हणलं नव्हतं. मी ते धरलं. रोज तीन माणसं. बोटांवर मोजायचो. कुणाचं पोरगं नापास झालं, कुणाची बायको माहेरी गेली, कुणाची आई दवाखान्यात. मी जायचो, शेजारी बसायचो, काही तरी वेडंवाकडं बोलून हसवायचो, बयप्पडादे म्हणायचो. खोटं सांगत नाही, लोकांना बरं वाटायचं. कँटीनच्या बाईचा नवरा वारला तेव्हा मी तीन दिवस तिची भांडी घासली आन एक शब्द बोललो नाही. ते माझं सगळ्यात चांगलं काम. बाकीच्या वेळी तोंड उघडायचो.

साहेबाच्या ध्यानात आलं. मी ज्या लाईनवर दात काढतो त्या लाईनचा माल जास्त निघतो. मंग क्रेट आला.

आता एळुमलै.

वय चाळीस. कांचीपुरमकडचा विणकर. रेशमाच्या साड्या विणायचा. माग बंद पडला आन तो ठेकेदाराच्या गाडीत बसून आमच्यात आला. बारीक माणूस, बोटं लांब. तुटलेला धागा न बघता गाठवायचा, असं त्याच्याबरोबरचे सांगायचे. त्याला फोमच्या साच्यावर लावला.

साचा म्हणजे लोखंडी खोकं समजा, पलंगाच्या उशीएवढं. त्यात तार बसवायची, फोमचं पाणी ओतायचं, वरून झाकण खाली येतं. झाकण दोन माणसांना उचलणार नाही एवढं जड. ते खाली आणायला दोन हिरवी बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच झाकण हलतं. का? तर माणसाचे दोन्ही हात बटणावर राहावेत. साच्यात नको.

एळुमलै दोन्ही बटणं दाबायचा आन दाबून ठेवून सुद्धा एक पाय मागं घ्यायचा. झाकण पूर्ण बसेपर्यंत त्याकडं बघत राहायचा, कुत्र्याकडं बघावं तसं. त्यामुळं त्याचा माल कमी निघायचा.

भोसरीत आम्ही एक युक्ती करायचो. खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी घालायची आन एका बटणाच्या कडेला अशी ठोसायची की ते दाबलेलंच राहील. मंग एका हातानं दुसरं बटण दाबायचं आन मोकळ्या हातानं तार नीट करायची, झाकण येता येता. दर खेपेला चार-पाच सेकंद वाचतात. दिवसाचा लई माल होतो.

साहेब कधी "पुठ्ठा लाव" म्हणला नाही. हे बी खरं सांगतो, नाहीतर मी खोटा पडेन. तो म्हणला, "फादर, पुण्यात कसा काढायचो आपण एवढा माल? दाखव की यांना." आन पाठ करून उभा राहिला. पाठ करून उभं राहायला शिकवतात वाटतं इंजिनियर लोकांना.

सहा मशीन होत्या. सहा पुठ्ठे मी माझ्या हातानं दुमडले. माझ्या हातानं ठोसले. वरून तपासणीवाले यायचे असले की गेटवरून फोन यायचा, आन सहा पुठ्ठे काढून खिशात घालायचं काम बी माझंच. तपासणीवाले गेले की परत लावायचे. त्यात मी लई तरबेज होतो.

पाच जणांनी पुठ्ठा ठेवला. एळुमलैनं काढला. मी लावला, त्यानं काढला. काढून घडी उलगडायचा आन बाजूला ठेवायचा, जसं कुणाचं तरी सामान आहे.

साहेब मला म्हणला, "त्याला जरा धीर दे. तुझं कामच आहे ना ते? नाही जमलं तर उद्या दुसरा माणूस बघतो."

बघा, कसं सांगितलं. मला वाटलं, एळुमलैची नोकरी वाचवायची आहे. देवानं पाठवलाय मला. त्या दिवसाच्या तीन माणसांत मी त्याला एक नंबरवर धरला.

तीन दिवस त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्याला हसवलं. झाकण येताना मी माझा हात आत घालायचो आन बाहेर काढायचो, बैलाच्या तोंडापुढं वैरण धरावी तसा. म्हणायचो, "बघ तंबी, चावत नाही. बयप्पडादे. वर बघणारा आहे." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तो मला अण्णे, थोरला भाऊ, म्हणायचा. आधी नुसता बघायचा. तिसऱ्या दिवशी हसला. चौथ्या दिवशी त्यानं पुठ्ठा काढला नाही.

त्या रविवारी मी भक्तीत साक्ष दिली. एक माणूस घाबरत होता, मी त्याची भीती घालवली, म्हणलो. पाळकानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मी खाली बसलो तेव्हा शालननं माझ्याकडं बघितलं आन पदर नीट केला. तिला ते पुठ्ठ्याचं माहीत नव्हतं. तरी काही तरी कळलं असावं, बायकांना कळतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. तार सरकली. एळुमलै डाव्या हातानं ती बसवायला गेला. उजवा हात बटणावर. झाकण आलं.

जास्त सांगत नाही. डाव्या हाताची तीन बोटं.

लोक धावले. कुणी झाकण वर घेतलं, कुणी त्याला धरलं, कुणी गाडी, गाडी म्हणून ओरडत पळालं. आन त्या गडबडीत एक माणूस मशीनजवळ गेला आन बटणाच्या कडेचा पुठ्ठा काढून खिशात घातला.

तो माणूस मी.

मला कुणी सांगितलं नव्हतं. विचार बी केला नाही. गडबड झाली, आता कुणी तरी बघायला येणार, पुठ्ठे काढायचे. हाताला सवय होती. एळुमलै खाली पडलेला आन मी पुठ्ठा काढतोय. वळलो तर साहेब मागं उभा. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. हळू म्हणला, "शाब्बास."

मला आयुष्यात शिव्या लई बसल्या. बाटगा म्हणून, अडाणी म्हणून, महारडा म्हणून. कुठलीच शिवी त्या शाब्बासएवढी लागली नाही. पण हे मला त्या वेळी कळलं असं समजू नका. त्या वेळी मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. पहिल्यांदा. मी अर्ध्या खुर्चीवर बसलो, पूर्ण बसलो तर काढून घेईल असं वाटलं. समोर एक कागद, तमिळमध्ये टाईप केलेला. मी विचारलं काय आहे. तो म्हणला, बटणं व्यवस्थित होती, एळुमलैनं घाईत स्वतःच्या चुकीनं हात घातला, एवढंच लिहिलंय. सही झाली की कंपनी दवाखान्याचं बघेल, पुढं कुठं तरी बसायचं काम बी देईल. ऑफिसचे लोक गेले होते सही घ्यायला, पण तो कुणाशी बोलत नाही.

"तुझं ऐकतो तो," साहेब म्हणला. "जा, धीर दे त्याला. आणि तुमच्यात क्षमा असते ना? ते पण सांग जरा."

आमच्यात क्षमा असते. साहेबाला पाठ होतं. मलाच बाटलेला म्हणणाऱ्याला आमच्यातलं काय काय असतं ते बरोबर माहीत होतं.

मी कागद घेतला.

घरी शालनला गंमत म्हणून सांगितलं. साहेबानं खुर्ची दिली, मी कसा बसलो, ते करून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणली, "काय वं, तुम्ही देवाचं काम करता का साहेबाचं?"

मी म्हणलो, एकच आहे.

ती म्हणली, "मग जा. उपाशी नका जाऊ."

रविवारी भक्ती झाल्यावर दवाखान्यात गेलो. केळी घेतली. कागद शर्टाच्या खिशात. एळुमलै खाटेवर बसलेला, डाव्या हाताला पट्ट्यांचं मोठं बोचकं. बायको खाली बसलेली, पोन्नी नाव तिचं. मला बघून तो सरकला, खाटेवर जागा केली. एवढं झालं तरी माझ्यासाठी जागा केली त्यानं.

मी प्रार्थना केली. डोळे मिटून, लांबलचक. डोळे उघडले तर तो त्या बोचक्याकडं बघत होता. मला म्हणला, "अण्णे, दोन बोटांनी गाठ बसेल का?" उजव्या हाताचा अंगठा आन एक बोट असं हलवून दाखवलं. धागा गाठवतात तसं.

मी म्हणलो, बसेल की. देवाला काय अवघड.

म्हणलो मी हे. मला काय माहीत रेशमाच्या धाग्याची गाठ कशी बसते? पण तोंडाला धीर द्यायची सवय. ते सुरू झालं की मी नसतोच तिथं.

मंग कागद काढला. सांगितलं, सही कर, कंपनी सगळं बघेल, मनात काही ठेवू नको, सोडून दे. त्यानं वाचलं. त्याला वाचता येत होतं, मला येत नव्हतं, आन मी त्याला सांगत होतो काय लिहिलंय. त्यानं कागद मांडीवर ठेवला. मंग उजवा हात पुढं केला पेनासाठी. माझ्यावर विश्वास म्हणून. त्यानं केली असती सही.

पोन्नीनं पेन घेतलं. ओढून नाही. हातातून काढून घेतलं, लहान पोराच्या हातातून सुरी घ्यावी तसं. आन मला म्हणली, हळू, एक एक शब्द, मला समजावा म्हणून.

"अण्णे, रोज सकाळी डबा देताना मी त्याला सांगायची, त्या मशीनला घाबर. रोज. ती भीती त्याचे हात सांभाळत होती. तुम्ही ती काढून घेतलीत."

मी काही तरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला.

"आता हा कागद पण तुम्हीच आणला. तुमचं आणि किती काम राहिलंय आमच्याकडं?"

मला हसवता येतं. कुठं बी, कुणाला बी. मयतीच्या घरात मी माणसं हसवली आहेत. त्या खाटेवर बसून माझ्या डोक्यात एक शब्द आला नाही. मी कागद घडी घालून उठलो. एळुमलै खाली बघत होता. केळ्यांची पिशवी तिनं माझ्या हातात परत दिली.

तिथून पाळकाच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, पुठ्ठ्यासकट. तो खुर्चीत बसून ऐकत राहिला. मला वाटलं आता वचन काढेल, प्रार्थना करू म्हणेल. तो म्हणला, "टाळ्या मी वाजवायला सुरुवात केली होती." एवढंच. त्यानं मला धीर दिला नाही. दिला असता तर मी घेतला असता आन घरी जाऊन झोपलो असतो.

सोमवारची सकाळ. लाईनवर लोक गप्प. चौथ्या मशीनवर, एळुमलैच्या जागी, नवा माणूस उभा केला होता. मी जाऊन बघितलं. पुठ्ठा होता. शुक्रवारी संध्याकाळी कुणी तरी नवा घालून ठेवला होता, माझ्यापेक्षा चांगली घडी होती. शिकवलेलं वाया जात नाही.

शपथ झाली. सगळ्यांनी हात पुढं केले, मी सुरक्षेचे नियम पाळेन. साठ हात. मंग साहेब म्हणला, "फादर, चढ. जरा हसव यांना, मयतीला आल्यासारखे उभे आहेत."

मी चढलो. चढायचं नव्हतं असं नाही. मला तीच एक जागा माहीत होती जिथं लोक माझ्याकडं बघतात.

तमिळमध्ये म्हणलो, "एळुमलैचा हात मी तोडला."

लोक हसले.

खरंच हसले. मी क्रेटवर आन माझं तसलं तमिळ, मी काय बी बोललो तरी हसायचं, ही सवय मीच लावली होती. मी परत म्हणलो, बटणाला पुठ्ठा मी लावला. पुढची रांग आणखी हसली. एकानं टोपी काढून दाखवली, कर म्हणून, तो टोपीचा खेळ कर. मी ओरडून सांगायला लागलो तर त्यांना वाटलं आज नवीन सोंग आहे.

दोन वर्षं मी त्या माणसांना हसवलं होतं. आता एक खरं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचेना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर मागचा एक जण हसून हसून शेजाऱ्याच्या खांद्यावर पडला.

ऐकून घेणारा एकच माणूस होता. साहेब. त्याला तमिळ चांगलं येत होतं. तो पुढं आला आन मराठीत म्हणला, दात न उघडता, "उतर खाली. तमाशा नको."

मी म्हणलो, "कागदावर सही झाली नाही साहेब. एळुमलै करणार बी नाही."

"नंतर बोलू. उतर."

"पुठ्ठे मी लावले. लावायला तुम्ही सांगितलं."

"मी कधी सांगितलं? शब्द दाखव."

शब्द नव्हता माझ्याकडं. त्याची पाठ होती फक्त. पाठ कशी दाखवणार?

मी उतरलो. बोलून होत नाही म्हणल्यावर मशीनकडं चाललो. एक नंबरचा पुठ्ठा उपसला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आन खाली टाकला. दोन नंबरचा. तीन नंबरचा. तेव्हा कुठं हसणं थांबलं. चार नंबरच्या नव्या माणसाला म्हणलो, दोन्ही हातांनी दाब, आन घाबर त्याला. तो माझ्याकडं बघत राहिला, वेडा आहे का म्हणून. पाच. सहाव्या मशीनवाल्यानं माझं मनगट धरलं. जुना माणूस, माझ्याबरोबर चहा प्यायचा. म्हणला, "अण्णे, माल कमी पडला तर आम्हाला काढतील. तुझं काय, तू गावाला जाशील." मी पुठ्ठा काढला. त्यानं माझ्या डोळ्यांपुढं वाकून तो उचलला आन परत लावला.

गेटवर माझं कार्ड घेतलं. साहेबानं सांगून ठेवलं होतं. वॉचमन, ज्याच्या पोराच्या परीक्षेच्या वेळी मी त्याच्याजवळ बसलो होतो, तो कार्ड घेताना माझ्याकडं न बघता म्हणला, जा.

लोकांना वाटतं माणूस जागा झाला की बरं वाटतं. मला बरं वाटलं नाही. मला राग आला, आन तो अजून आहे. साहेबावर आहे. पण त्याच्याआधी स्वतःवर आहे. मला दान होतं, खरंच होतं, आन मी ते ज्याच्या हातात सत्ता त्याच्या हातात दिलं, वर हसून दिलं. माणसाला उभं करायला दिलेली गोष्ट मी माणसाला गप्प करायला वापरली. ती बी देवाचं नाव घेऊन.

आता मी एका गोदामात पोती लावतो. धीर द्यायचं सोडलेलं नाही. पण आधी बघतो, याची भीती खरी आहे का. खरी असली तर ती काढत नाही, त्याच्याबरोबर उभा राहून मी बी घाबरतो, आन दोघं मिळून मुकादमाला सांगतो की हे पोतं आम्ही असं उचलणार नाही. मुकादमाला मी आवडत नाही. पहिल्यांदाच कुठल्या तरी वरच्याला मी आवडत नाही.

एळुमलैच्या घरी गेलो होतो. पोन्नीनं दार उघडलं, बसा म्हणली नाही. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला ती द्यायची का नाही हे आणखी एक काम लागलं असतं. फक्त म्हणलो, सरकारी ऑफिसात जबानी द्यायला तयार आहे. ती म्हणली, द्या.

दिली. कामगार ऑफिसातल्या कारकुनानं ऐकून घेतलं आन लिहिलं, कामगाराच्या हलगर्जीपणामुळं. मी एका पोराकडून वाचून घेतलं, दोनदा. म्हणलो, हे मी बोललो नाही. कारकून म्हणला, अहो, तुम्ही तर म्हणता पुठ्ठा तुम्ही घातला, मग तुम्हीच अडकाल, कशाला उगाच. त्याला वाटलं तो मला धीर देतोय. मी म्हणलो, अडकू दे. आधी माझं नाव लिहा. याच्या हातानं पुठ्ठा घातला आन याच्याच हातानं लपवला, असं लिहा. मंग त्याच्या वर साहेबाचं नाव लिहा. याच्या सांगण्यावरून.

तो म्हणला, उद्या या.

मी गेलो. परत म्हणला, सोमवारी या. मी सोमवारी गेलो. चार वेळा झालं. शालन भाकरी बांधून देते, तिथंच बाकावर खातो. कारकुनाला माझा चेहरा पाठ झालाय. परवा त्यानं विचारलं, तुम्हाला दुसरं काम नाही का?

नाही म्हणलं. दोन नावं लिहून होईपर्यंत नाही.